चेकर नावाची गाय

माझ्या हातून आयुष्यात जी काही मोठी कामं झाली, त्यांतलं पहिलं म्हणजे मी एका शिंप्याच्या घरात गाय आणली. 'मी आणली' असं मी म्हणतो. माय मरेपर्यंत म्हणायची, "यानं कायची आनली, गायीनंच याले घरी आनलं." त्या दिवशी दिवेलागणीला गल्लीत शिरताना पुढे कोण होतं आणि मागे कोण ओढला जात होता, हे पाहणारी दोन-तीन माणसं गावात अजून जिवंत आहेत, त्यामुळे या मुद्द्यावर मी फार जोर देत नाही.

तोवर आमच्या घरात पाळलेले जीव दोनच होते. एक बाबांचं शिलाई मशीन आणि दुसरा मी. मशीन बाबांचं लाडकं होतं, कारण तेल घातलं की ते चालायचं. मला वर्षानुवर्षं तूप घालूनही मी बारावीत जिथे थांबलो तिथेच थांबलो होतो. सकाळी डोळा उघडला की आधी ओट्यावरून मशीनची खटखट ऐकू यायची, मग चुलीवर भाकर थापल्याचा आवाज, आणि मग बाबांचं रोजचं वाक्य, "उठला काय तो जमीनदार?" घरभर नव्या कापडाच्या खळीचा वास असायचा. ज्वारीच्या भाकरीत कधी कधी दोऱ्याचा तुकडा निघायचा, आणि तो आम्ही माशी निघाल्यासारखा न दाखवता मुकाट्याने बाजूला ठेवायचो. दूध मात्र चहापुरतं. शेजारून तांब्याभर यायचं, आणि त्यातही तांब्याचा आकार दर महिन्याला लहान होत चालला आहे असा मायला संशय होता.

अशात माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. ताईच्या सासरी तीन म्हशी. सासूबाई दांडग्या, आवाजाने त्याहून दांडग्या. नातीचं बारसं आमच्याच घरी करायचं ठरलं, पण म्हशी सोडून लगेच निघता येत नाही म्हणून त्यांनी महिनाभराने येते असा निरोप धाडला. निरोपाच्या शेवटी एक शेपूट होतं: "लेकराच्या मायले दूध भेटते ना बापा तिकडं?" ते शेपूट बाबांना फार लागलं. दोन दिवस त्यांनी मशीन असं चालवलं की सुया मोडल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "घरात गाय पाह्यजे."

लग्नसराईचं शिवण ओट्यावर ढिगाने पडलेलं होतं, म्हणून बाबा हलू शकत नव्हते. त्यांनी मला शिरपूरला पाठवलं. तिथला एक म्हातारा घर बंद करून लेकीकडे राहायला चालला होता आणि दुभती गाय वासरासकट विकत होता. बाबांनी बजावून सांगितलं की गावातला एखादा जाणता माणूस सोबत ने. आता मला सांगा, आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपल्याला विश्वासाने काम सांगतो, आणि आपण लगेच दुसऱ्याला सोबत न्यायचं? मी एकटाच गेलो. जाणता माणूस गायीचे दात पाहतो, भोवरे पाहतो, कास दाबून पाहतो. मी शिंप्याचा पोर. मी गळ्यातला टेप काढला आणि गायीची छाती मोजली. मग मानेपासून शेपटीपर्यंत उंची, म्हणजे लांबी, मोजली. पुढच्या पायाचा घेरसुद्धा घेतला.

म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "कावून रे पोरा, इले झंपर शिवतं काय?"

"मापात हाय," मी गंभीरपणे म्हणालो.

गाय देखणी होती, यात वाद नाही. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि नजर अशी की आपल्याकडे काही तरी मागते आहे आणि आपणच विसरलो आहोत. म्हाताऱ्याचं घर अगदी बसस्टँडला लागून. मंदिराला येणारी यात्रेकरू मंडळी तिथेच उतरायची. म्हातारा तिचे गुण सांगू लागला आणि मी ते कौतुकाने ऐकू लागलो. "इले चाऱ्याचा खर्च नाही. घरी खातच नाही म्हन ना. येळंची पक्की हाय. अन् गरीब इतकी की मानसं पाह्यली की सोताहून जवळ जाते." यातला शब्द न् शब्द खरा होता. मी आजही त्या म्हाताऱ्याला दोष देत नाही. चारा न खाणारी गाय दूध कशाचं देते, एवढा एक प्रश्न मला पडायला हवा होता. पण त्या वेळी मी मनात बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजत होतो.

दावं मात्र त्याने दिलं नाही. जनावर विकलं तरी दावं घरातच राहू द्यायचं, नाही तर लक्ष्मी जाते, अशी आमच्याकडे रीत आहे. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं असतं. ही रीत सांगायलाच तर जाणता माणूस सोबत न्यायचा असतो. मी खांद्यावरचा दुपट्टा आणि गळ्यातला टेप एकत्र पिळला आणि त्या दोरीने गाय घेऊन निघालो. मागून वासरू. रस्त्यात बस आली की ही गाय थांबायची, मान वर करायची आणि बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. मला वाटलं, काय शहाणी आहे, गाडीला रस्ता देते. एका बसच्या ड्रायव्हरने आमच्याकडे पाहून दोनदा भोंगा वाजवला, हात हलवला. मी ओळखत नसतानाही हात हलवला. माझ्यात गाय घेतल्याबरोबर काही तरी वजन आलं असावं, असं मला वाटलं. दोन तासांच्या वाटेला संध्याकाळ झाली आणि तेवढ्यात बाईसाहेबांनी टेपाचं टोक चघळून सुरुवातीचे सात इंच पोटात घातले.

त्या सात इंचांचा पत्ता घरात कोणाला लागला नसता, पण बाबांनी दुसऱ्या दिवशी त्याच टेपाने पोलीस पाटलांचं माप घेतलं. पायजमा शिवून झाला तेव्हा तो पाटलांच्या बगलेपर्यंत येत होता. बाबांनी नवा टेप आणला आणि जुना माझ्या गळ्यात टाकला. "हे तुले शोभते," म्हणाले.

मायने गायीला ओवाळलं, पायांवर पाणी घातलं, गौरी असं नाव ठेवलं. मग परड्यात बांधून समोर कडबा टाकला. गौरीने कडब्याकडे असं पाहिलं, जणू पाहुण्याला जेवायला बसवून समोर खराटा ठेवला आहे. भाकर दिली, ती खाल्ली. वर कांद्याची पात ठेवली, ती जिभेने बाजूला सारली. लसणाच्या ठेच्याचा हात लागलेली भाकर हुंगली आणि तोंड फिरवलं. दिवस बुडाल्यावर तर कशालाच तोंड लावेना. माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "व माय! हे तं मंदिराजवळची गाय हाय. कांदा नाही खात, लसून नाही खात, रातची जेवत नाही. हे साधी गाय नाही रे गज्या. हे तपस्वी हाय."

झालं. तपस्वी गाय घरात असताना आपण परड्याशेजारी बसून कांदा कसा खायचा? मायने घरातला कांदा-लसूण बंद केला. तुम्ही वऱ्हाडातले नसाल तर या वाक्यातली भीषणता तुमच्या लक्षात येणार नाही. कांद्याविना झुनका, लसणाविना ठेचा. बाबा चार दिवस गप्प जेवले. पाचव्या दिवशी ताट पुढे सारून म्हणाले, "मले सांग, या घरात गाय आनली का मले दीक्षा देली?" ताई बाजेवर पडल्या पडल्या इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं.

आणि एवढं सोवळं पाळून दूध? वासरू सोडलं की ते लुचायचं, ढुशा मारायचं, आणि माय भांडं घेऊन बसली की तपस्वी पान्हा चोरायची. तळ झाकेल एवढं दूध निघायचं. बाकी सगळं वासरासाठी राखून ठेवलेलं. वासरू दिवसेंदिवस गोल होत चाललं, आम्ही दिवसेंदिवस उभट. माय गोंजारायची, गूळ द्यायची, बाळंतिणीच्या खिरीतला चमचाभर अळीवही चारून झाला. आठवड्याने बाबांनी मला ओट्यावर बोलावलं. पायाखालचं पायडल थांबवलं. पायडल थांबवून बाबा बोलले की प्रकरण गंभीर असायचं.

"बारशाच्या दिवशी ईनबाई येऊन राह्यल्या. त्यायच्या देखत या घरात, या परड्यात, गायीनं दूध देल्लं पाह्यजे. देल्लं तं गायबी राहीन अन् तूबी राह्यशीन. नाही देल्लं तं गाय शिरपूरले वापस, अन् दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीनं तू आकोल्याले मामाच्या डाळमिलीवर. दोघंयचं एकच दावं समज."

अकोल्याच्या मामांच्या मिलमध्ये तुरीची डाळ निघायची आणि भाच्यांची साल. माझ्या आधी दोन मावसभाऊ तिथे जाऊन आले होते. दोघेही परतल्यावर बराच काळ मोठ्याने बोलत नव्हते. पण खरं सांगू का, मला डाळमिलीची भीती होती त्यापेक्षा जास्त एक वेगळीच गोष्ट टोचत होती. बाबांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर काही तरी सोपवलं होतं, आणि मी ते मोजमाप करून, पसंत करून, टेपाने बांधून, चुकीचं आणलं होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. अर्थात कांदा नसल्याने फारसा त्याग झाला नाही.

गुपित उघडलं ते मात्र त्यानंतर दोनच दिवसांनी. आमच्या गावात तेव्हा मुक्कामी बस असायची. संध्याकाळी यायची, रात्रभर शाळेजवळ उभी राहायची आणि सकाळी सहाला निघायची. नेमका तो आठवडा रस्त्याच्या कामामुळे ती गावाबाहेर फाट्यावरच थांबत होती, म्हणून तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचत नव्हता. रस्ता खुला झाला आणि त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा ती शाळेजवळून सुरू झाली. मी परड्यात शेण भरत होतो. भोंगा वाजला. गौरीचे कान उभे राहिले. दुसऱ्यांदा वाजला आणि तिने खुंटा उपटला. मी दाव्याला लोंबकळलो, हे माझं शौर्य समजू नका, दावं माझ्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. आख्खी गल्ली मी शेणाच्या पाटीसकट पार केली. बसजवळ पोचताच ती एकदम शांत झाली, हळदी-कुंकवाला आलेल्या बाईसारखी चालत दरवाजाशी गेली, पहिल्या पायरीवर मान ठेवली आणि आत डोकावून पाहू लागली.

आतून कंडक्टर ओरडला, "अरे! चेकर! तू यहां कैसे आयी बेटा?"

कंडक्टर हमीदभाई आमच्या तालुक्यातलेच. शिरपूरच्या रस्त्यावर त्यांनी पाच-सहा वर्षं काढली होती. तिकिटांची पेटी मांडीवरून बाजूला ठेवून ते खाली उतरले आणि तिच्या गळ्याला हात घातला. "क्या रे गजू, हे तुमच्याकडं? पूरे रूट पे इसका नाम चेकर. जी बस आली तिच्यात मुंडकं घालून पाहनार. यात्रेवाले पुऱ्या देत, खाखरे देत, केळं देत. तपासनी झाल्याबिगर गाडी सोडत नव्हती."

कोणी तरी खिडकीतून अर्धी पोळी पुढे केली. ती तिने घेतली, आणि मी खाली पाहिलं तर तिच्या चारही सडांतून दूध टपटप रस्त्यावर पडत होतं. इंजिन घुरघुरत होतं, डिझेलचा धूर येत होता, आणि आमची तपस्वी डोळे मिटून पान्हा सोडत होती. म्हातारा तिला बसस्टँडवरच पिळत असणार. बस आली, पुरी मिळाली, दूध सोडलं, हा तिचा जन्माचा हिशेब. कांदा-लसूण न खाणारे जैन यात्रेकरू जे देत तेच तिने खाल्लेलं, आणि रात्रीचं जेवत नव्हती कारण शेवटची बस दिवस बुडायच्या आत जायची. मी घरी धावत गेलो आणि सगळ्यांत आधी कोणती बातमी दिली असेल? "बाबा, कांदा चालते!"

त्या दिवसापासून माय रोज सकाळी सहाला चरवी घेऊन बसच्या दाराशी बसू लागली. ड्रायव्हर देवरावभाऊ इंजिन सुरू ठेवायचे, मी भाकरीचे तुकडे पुरवायचो, प्रवासी खिडक्यांतून मोजायचे. "मावशी, टाइम हो गया," हमीदभाई म्हणायचे, आणि माय मान वर न करता म्हणायची, "एवढं मागचं सड राह्यलं रे बाबा, लेकराचं दूध हाय, पाप लागन तुले." दोन धारा हमीदभाईंच्या चहासाठी वेगळ्या निघायच्या. ताईच्या गालांवर रंग आला. सगळे खूश, बाबा सोडून. "माह्या घरची गाय बसस्टँडवर पिळतेत," ते मशीनला सांगायचे, "मी शब्द काय देल्ला होता? परड्यात." बाबांनी शब्द दिला की तो शिवणीसारखा दुहेरी असायचा.

बारशाला बारा दिवस होते. मी कामाला लागलो. पहिल्यांदा बर्फाच्या कांड्या विकणाऱ्याचा भोंगा उसना आणला आणि परड्यात वाजवला. चेकरने माझ्याकडे बघून एक मोठा उसासा टाकला. मग मी तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. पहिला गिअर, दुसरा गिअर, चढावरचा तिसरा. परड्याच्या कुडावर गावातली निम्मी पोरं बसली होती आणि मध्येच "महागाव उतरा" म्हणत होती, पण गायीवर परिणाम नाही. मग डिझेलचा बोळा पेटवला. त्याने ताई खोकली, बाळ खोकलं, आणि मायने मला चुलीतल्या लाकडानं गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. शेवटी हमीदभाईंची जुनी खाकी टोपी घालून मी चेकरच्या समोर उभा राहिलो आणि टिंग-टिंग केलं. तिने ती टोपी हुंगली आणि खाऊन टाकली. आता नातू मला विचारतो, आजोबा, तेव्हा तुम्ही मोबाइलवर बसचा आवाज रेकॉर्ड करून का नाही लावला? मी त्याला म्हणतो, बेटा, मोबाइल नव्हता म्हणून तर तुझ्या आजोबाचं डोकं चालायचं. आणि ते कसं चालायचं, हे ऐकल्यावर तो मोबाइलच्या बाजूचा झाला आहे.

कारण शेवटी मला सुचलं ते साधं होतं. गाय बसजवळ नेता येते, तर बस गायीजवळ का आणता येणार नाही? तीच बस सकाळी सहाला जायची आणि दहाच्या सुमाराला परत यायची. बारशाच्या दिवशी ताईच्या सासूबाई तिनेच येणार होत्या. बस शाळेशी न थांबता गल्लीतून आमच्या दारापर्यंत आली, तर पाहुणीचा मान राहील आणि परड्याच्या तोंडाशी इंजिन घुरघुरेल. मी देवरावभाऊंना आठ दिवस पटवत होतो. ते भले माणूस, पण गल्लीच्या रुंदीबद्दल साशंक.

"पाह्य गजू, गाडी शिरन काय?"

"मी मापतो ना, भाऊ. शिंप्याचा पोट्टा हाय मी."

आणि मी मापली. गुडघ्यावर बसून, नीट, दोनदा. बसची रुंदी हमीदभाईंना विचारून घेतली. गल्लीत बस जाऊन दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरत होती. मी मापली ती माझ्या गळ्यातल्या टेपाने, ज्याचे पहिले सात इंच ज्या गायीसाठी मी हे करत होतो तिच्या पोटातून कधीच पुढे गेले होते. आणि गल्ली एका टेपात मावत नव्हती, त्यामुळे टेप दोनदा लावला. सात आणि सात चौदा इंच गल्ली मी मनानेच वाढवली. पोलीस पाटलांचा पायजमा उभा डोळ्यांपुढे असताना ही चूक करायला एक वेगळी बुद्धी लागते.

बारशाच्या दिवशी ओट्यावर पताका, आत पाळण्याला झेंडूच्या माळा, चुलीवर पुरणाचा वास. बाबा ओट्यावर मशीनशी बसून बाळाच्या झबल्याला शेवटची झालर लावत होते. बोलावलेल्या बाया येऊन बसल्या होत्या. मी परड्याच्या फाटकात चेकरला धरून उभा. दहा वाजून गेले. गल्लीच्या टोकाला भोंगा वाजला आणि बस आत शिरली. पहिली दोन घरं निघाली. तिसऱ्या घराच्या पन्हाळीने बसला डावीकडून ओरबाडलं. चौथ्या घरासमोर वाळत घातलेली गोधडी आरशाला अडकून सोबत निघाली. बाबांनी पायडल चालू असताना आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली, आणि बसचं तोंड आपल्याकडे येताना पाहिलं. ते उठले नाहीत. त्यांनी मशीनला दोन्ही हातांनी मिठी मारली. करकर आवाज झाला, ओट्याच्या कोपऱ्याचे तीन दगड गडगडत खाली आले, आणि बस मशीनपासून वीतभर अंतरावर रुतून थांबली. ना पुढे, ना मागे.

देवरावभाऊंनी खिडकीतून डोकं काढलं. "गज्या, तू मापली होती ना बे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दावं हातातून निसटलं. बसचा दरवाजा नेमका परड्याच्या फाटकासमोर आला होता. माझ्या सगळ्या योजनेत तेवढं एक माप बरोबर निघालं. दार उघडलं आणि ताईच्या सासूबाई, नवी नऊवारी, हातात बाळंतविड्याचं गाठोडं, पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच खालून चेकरने मुंडकं आत घातलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. पण ती बाई तीन म्हशींची धनीण होती. तिने नजर गायीच्या तोंडावरून थेट मागे नेली.

"अवं माय, हे तं पान्हावली! ईनबाई, भांडं आना, भांडं! काय पाहून राह्यले सारे?"

गाठोडं हमीदभाईंच्या हातात देऊन त्या गायीच्या अंगाला घासत खाली उतरल्या, पदर खोचला आणि आमच्या परड्यात, आमच्या फाटकात, उकिडव्या बसून पिळायला लागल्या. इकडे देवरावभाऊ बस काढायला इंजिनला रेस देत होते. जितकी रेस तितका पान्हा. बस मागे-पुढे हिसके खात होती आणि चेकरला आयुष्यात इतका वेळ थांबलेली बस कधीच भेटली नव्हती. चरवी भरली, कळशी भरली, मग मायने पुरणाचं रिकामं पातेलं धावत आणलं. बसमधली माणसं खिडक्यांतून उतरवावी लागली, कारण दाराशी गाय होती. तासाभराने दहा-बारा जणांनी ढकलून, बाबांच्या ओट्याचा आणखी एक दगड काढून, बस मागच्या मागे निघाली. तोवर सगळ्या प्रवाशांनी बारशाचं जेवण उरकलं होतं. पाळण्यात बाळाचं नाव कोणतं घेतलं, हे बाहेरच्या गोंधळात कोणालाच ऐकू आलं नाही. ताईने नंतर सांगितलं.

जाताना सासूबाई बाबांना म्हणाल्या, "ईवाई, पोट्टं बह्याड हाय तुमचं. पन गाय सोनं हाय."

पाहुणे गेल्यावर बाबांनी चिखल कालवला आणि एकटेच ओट्याचे दगड बसवू लागले. मी मदतीला गेलो तर त्यांनी थापी माझ्या हातातून काढून घेतली, ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला झोप लागली असती. दूध परड्यात निघालं होतं, ईनबाईंच्या देखत निघालं होतं, शब्द पुरा झाला होता. पण शब्दाबरोबर बाबांचा ओटाही गेला होता, आणि या दोहोंची वजाबाकी ते मनात कशी करत होते ते मला कळेना. कोणी मला राहा म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. मी माझी पत्र्याची पेटी भरली. दोन सदरे, एक पायजमा, एक आरसा. माय बघत होती.

सकाळी सहाला मी पेटी खांद्यावर घेऊन बसपाशी गेलो. जाताना परड्यात डोकावलो तर खुंटा रिकामा. गाय शिरपूरला हाकलली, असं वाटलं. धावतच शाळेजवळ पोचलो. बस घुरघुरत उभी होती. दाराच्या पायरीवर चेकरची मान, आणि तिच्या पोटाशी गुडघ्यात चरवी धरून, गळ्यात नवा टेप अडकवलेले, बाबा. सुईत दोरा ओवावा तसं दोन बोटांनी ते सड ओढत होते. धार चरवीत कमी आणि त्यांच्या बाहीवर जास्त पडत होती. गाय शेपटीने त्यांना फटकारत होती, देवरावभाऊ तोंड दाबून हसत होते.

"जरा रेस दे ना बाबा," बाबा म्हणत होते, "मागचं सड बाकी हाय."

हमीदभाईंनी माझी पेटी पाहिली आणि तिकिटांचा गठ्ठा उघडला. "गजू, कहां का तिकीट?"

बाबांनी मान वर केली नाही. चरवीत पाहतच म्हणाले, "कुठचंबी नको. गज्या, पेटी ठेव खाली अन् हे शेपटी धर. केव्हाची तोंडावर मारून राह्यली."